सहा मंडळ्यांचं एक घर

आम्ही कुडपणच्या. आमच्या तीन बचत गटांचा एकच गट करायचा की नाही, यावर पावसाळाभर आमची भांडणं चालली आहेत. बैठक कुणाच्या वारी, दंड कुणाच्या रीतीने, इथेच गाडी अडते. तेवढ्यात भायखळ्याची आमची नणंद गणपतीला आली. तिची शेजारीण मराठी ख्रिस्ती. तिच्या चर्चची हकिगत नणंदेने सांगितली, तशी आम्ही कान टवकारले.

ते चर्च ऑफ नॉर्थ इंडिया. नाव उत्तरेचं, जन्म नागपूरचा. 29 नोव्हेंबर 1970 ला ऑल सेंट्स कॅथेड्रलमध्ये सहा प्रोटेस्टंट मंडळ्या एक झाल्या. आधी वेगळ्या का होत्या? मिशनरी वेगवेगळ्या देशांतून आले, तिकडची भांडणंही बरोबर घेऊन आले. आपल्या सावित्रीच्या मुखाशी, बाणकोटला, 1823 मध्ये स्कॉटलंडचे आले, अहमदनगरला अमेरिकेचे. प्रेस्बिटेरियन आणि काँग्रिगेशनल मंडळ्या 1924 मध्येच जुळल्या होत्या. मोठ्या एकीची बोलणी 1929 ला लखनौला सुरू झाली. म्हणजे 41 वर्षं! आमचं तर एका पावसाळ्यात डोकं फिरलं.

अडलं कुठे? अँग्लिकनांना बिशप हवा. कुणाकडे वडीलधाऱ्यांची सभा कारभार बघायची, कुणाकडे गावोगावची मंडळी आपली आपण मुखत्यार. बाप्तिस्मा तान्ह्या बाळाला द्यायचा, की कळत्या वयात त्याने स्वतः मागितल्यावर? बॅप्टिस्ट दुसऱ्या मताचे. शेवटी दोन्ही रीती ठेवल्या. बिशपही राहिला, सभाही राहिल्या. आणि कुणाचे पाळक खरे, हा वाद नको म्हणून पाळकांनी एकमेकांच्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना केली. हे आम्हांला फार आवडलं.

सगळेच आले नाहीत. अमेरिकन मुळाची मोठी मेथॉडिस्ट मंडळी त्याच वर्षी, ऐन वेळी मागे सरली. तिच्यासाठी मुहूर्त थांबला नाही.

पण आमचे डोळे उघडले ते पुढच्या गोष्टीने. गुजरातेतल्या ब्रदरन मंडळीच्या मालमत्तेचा वाद सुप्रीम कोर्टापर्यंत गेला. 2013 मध्ये निकाल लागला : एक होण्याचा नुसता ठराव केला म्हणून ट्रस्टची मालमत्ता नव्या चर्चची होत नाही, त्याला कायद्याची वाट धरावी लागते. त्रेचाळीस वर्षांनी!

आमच्याकडे तीन बँक खाती आणि एक पिठाची गिरणी. गिरणीचे कागद कुणाच्या नावावर, हे आमच्यातल्या एकीलाही सांगता येईना. रविवारच्या बैठकीत आधी ते कागद काढणार आहोत. तिसरा गट अजून नाहीच म्हणतोय.