पत्र्याला कळ्या पाडताना

(गेल्या वर्षीच्या गणेशोत्सवात मंडळाच्या व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा मजकूर)



काल याच मंचावर अभंगांचं इतकं सुंदर निरूपण झालं, आणि आज माझा विषय आहे मोटारीचं मडगार्ड. सेक्रेटरींनी मला दोनदा फोन करून विचारलं, "नक्की हाच विषय ना?" मी म्हटलं, हाच. पस्तीस वर्षं मी पॉलिटेक्निकमध्ये इंजिनिअरिंग ड्रॉइंग शिकवलं, पण पत्रा म्हणजे काय हे मला निवृत्तीनंतर कळलं. ते कसं कळलं, तेवढंच सांगणार आहे. त्यात घरची एक गोष्टही येते. ती जिची आहे ती माझी आई इथे पहिल्या रांगेत बसली आहे. तिची परवानगी घेतलेली आहे.

आमच्या नानांची, म्हणजे वडिलांची, १९३७ सालची मॉरिस एट होती. चार सिलिंडरचं, ९१८ सी.सी.चं इंजिन. नाना डॉक्टर, आणि त्यांनी ती १९५१ मध्ये जुनी विकत घेतली. इथल्या बऱ्याच ज्येष्ठांना ती आठवत असेल. काहींच्या जन्माच्या वेळी ती त्यांच्या दारात उभी होती. नाना गेल्यावर ती वीसेक वर्षं मागच्या शेडमध्ये पडून राहिली. निवृत्तीनंतर मी ती एका नावाजलेल्या गॅरेजात दिली. त्यांनी तीन महिन्यांत चकचकीत करून आणली. पुढच्याच उन्हाळ्यात उजव्या मडगार्डला तडे गेले. टोकरून पाहिलं तर आत बोटभर जाडीची पुट्टी, आणि पुट्टीच्या खाली गंजाची जाळी. मूळ मडगार्ड कुठे आहे विचारलं, तर म्हणाले तेच तर आहे, खालचा सडलेला भाग कापून भंगारात दिला, बाकी "भरून घेतलं". मी संतापून तेही काढून फेकलं. ही माझी पहिली चूक. तिची किंमत पुढे सांगतो.

कुणीतरी छावणीच्या बाजूला एका म्हाताऱ्या उस्तादांचं नाव सांगितलं. सगळे त्यांना चाचा म्हणतात. टीनची शेड, एक लिंबाचा ओंडका, त्याला वरून खोदलेला खळगा, चामड्याची वाळू भरलेली पिशवी, आणि भिंतीवर शंभरेक हातोड्या. मी मोठ्या रुबाबात ड्रॉइंग काढून नेलं होतं. समोरून, बाजूने, वरून. चाचांनी ते नीट पाहिलं, घडी घालून परत दिलं आणि म्हणाले, "नक्शा अच्छा है साब. पर इसमें से मडगार्ड नहीं निकलेगा."

का निघणार नाही? घरी जाऊन एक प्रयोग करा. वर्तमानपत्राचा कागद घ्या. तो नळीला गुंडाळा, बसतो. त्याचा कोन करा, भेळवाला करतो तसा, तोही होतो. आता तोच कागद नारळाला बसवून पाहा. कुठेतरी चुणी पडते, नाहीतर फाटतो. पत्र्याचंही तसंच आहे. एका दिशेनं वाकवणं सोपं. एकाच वेळी दोन दिशांनी गोलाई हवी असेल, तर पत्रा नुसता वाकवून चालत नाही. काही ठिकाणी तो वाढवावा लागतो आणि काही ठिकाणी कमी करावा लागतो.

कमी कसा करायचा? इथे माझ्या सगळ्या पुस्तकांपेक्षा आमच्या घरची उकडीची परात कामाला आली. मोदकाची पारी करताना आपण काय करतो? मध्ये अंगठे दाबून वाटी करतो. तिथलं पीठ पातळ होतं, पसरतं. हे झालं ताणणं. मग काठाला कळ्या पाडतो आणि त्या एकमेकींकडे ओढून तोंड मिटवतो. काठाचा घेर लहान झाला, पण पीठ कुठेच गेलं नाही. ते कळीत दाटलं. हे झालं आकसवणं. चाचा पत्र्याच्या काठाला पकडीनं अशाच कळ्या पाडतात, आणि मग लाकडी हातोडीनं कळीच्या टोकाकडून आतल्या बाजूला असं ठोकतात की कळी आडवी पडून घडी होण्याऐवजी स्वतःतच जिरते. त्या जागी पत्रा किंचित जाड होतो. घडी पडली तर पत्रा तिथे चिरतो, जशी कळी दुमडली की मोदक वाफेत फुटतो. घरी हे सांगितलं तेव्हा सौ. म्हणाली, यासाठी छावणीपर्यंत जायची काय गरज होती?

पत्रा वीस गेजचा, म्हणजे सुमारे ०.९ मिलिमीटर. आधी वाळूच्या पिशवीवर लाकडी हातोडीनं ठोकून ढोबळ खोली आणायची. या वेळी तो पत्रा इतका कुरूप दिसतो की मला वाटलं, वाया गेला. अक्रोडाच्या कवचासारखा. मग इंग्लिश व्हील. नाव मोठं, यंत्र साधं: लोखंडी कमानीत एकावर एक दोन चाकं, वरचं सपाट, खालचं किंचित फुगीर. मधून पत्रा पुढे-मागे सरकवत राहायचा, दर फेरीला बोटभर बाजूला. टेंगळं बसतात, पृष्ठभाग गुळगुळीत होतो आणि पत्रा थोडा थोडा ताणलाही जातो. जास्त फेऱ्या झाल्या तर तो भलत्याच ठिकाणी फुगतो, आणि मग तेलाच्या डब्याच्या बुडासारखा आत-बाहेर टकटक करू लागतो. तसं झालं तर तेवढाच ठिपका गॅसनं लाल करायचा, भोवतीनं हळूच ठोकायचं आणि ओल्या फडक्यानं गार करायचा. तिथला पत्रा आकसतो.

आपल्याला हे परकं वाटायचं कारण नाही. पुण्याच्या तांबट आळीत घंगाळं आणि बंब याच तत्त्वावर घडले. त्याला आपल्याकडे मठारणं असा छान शब्द आहे. तांबं ठोकून कडक झालं की त्याला भट्टीत ताव द्यायचा, मऊ करायचं, पुन्हा ठोकायचं. फरक एवढाच की तांबट हातोडीची खूण अभिमानानं ठेवतो, आणि मोटारीचा कारागीर ती पुसण्यात निम्मं आयुष्य घालवतो. आणि आपल्या इंदूरचं म्हणाल, तर यशवंतराव होळकर महाराजांची १९३५ ची ड्यूसेनबर्ग आठवा. तिचं इंजिन आणि चासी अमेरिकेतली, पण अंगावरचा पत्रा लंडनच्या गर्नी नटिंग या कारखान्यात चढला. त्या काळी श्रीमंतांची गाडी अशीच बने. चासी एकाची, काया दुसऱ्याची. ती एकच गाडी तशी बनायची होती, म्हणून तिच्यासाठी साचे कुणी पाडले नव्हते. आमची मॉरिस मात्र साच्यात दाबून काढलेल्या पत्र्याची, हजारोंनी निघालेली. साच्यातून एका दणक्यात निघालेला आकार हातानं पुन्हा आणायला चाचांना अकरा दिवस लागले.

आता माझी दुसरी चूक. उजवं मडगार्ड मीच फेकलेलं, म्हणून डाव्याचं माप घेऊन ते उलटं करायचं ठरलं. चाचा म्हणाले, आधी डाव्याचा रंग उतरवू, नुसता पत्रा पाहू. मी साफ नाही म्हटलं. गॅरेजवाल्यांनी फक्त डावं मडगार्ड तसंच ठेवलं होतं. त्यावर नानांच्या वेळचा काळा रंग होता. ते चार फूट काळं मडगार्ड सोडून त्यांच्या हातचं त्या गाडीवर काही उरलं नव्हतं.

इथे थोडं मागे जातो. १९७४ मध्ये कॉलेजात असताना मी ती गाडी न विचारता काढली आणि मागचा भाग एका टांग्याला घासला. नाना ओरडले नाहीत. एवढंच म्हणाले, "तेवीस वर्षांत या गाडीला माझ्या हातून ओरखडा गेला नाही." पुन्हा त्यांनी मला किल्ली दिली नाही. नोकरी लागल्यावरही नाही. आमच्यात नंतर गाडीचा विषयच निघत नसे, आणि खरं सांगायचं तर इतरही बरेच विषय निघेनासे झाले.

तर चाचांनी डाव्यावर कागद बसवला, जिथे चुण्या पडल्या तिथे खुणा केल्या, म्हणजे तिथे आकसवायचं. जिथे कागद चिरावा लागला तिथे ताणायचं. तोच कागद उलटा करून, लाकडी सांगाडा करून, नवं मडगार्ड घडलं. काठाला तार भरून वळवली, आपल्या घमेल्याच्या काठाला असते तशी. सुरेख काम. गाडीला लावायला गेलो. मागची भोकं चपखल. पुढे, रेडिएटरखालच्या पत्र्यापाशी, अर्धा इंच फट.

डाव्या बाजूला फट नव्हती, कारण तिथे एक अरुंद पट्टी जोडलेली होती. ती आम्हाला कंपनीचीच वाटली होती. चाचांनी डाव्या मडगार्डच्या नाकावरून तळवा फिरवला. त्यांना ऐकू फार कमी येतं. साठ वर्षं हातोडीचा आवाज कानावर घेतलेला. खाली धरलेली डॉली बरोबर हातोडीखाली असली की खणखणीत आवाज येतो, हुकली की बद्द. तो फरक त्यांना आता ऐकू येत नाही, मी शेजारी उभा राहून मान हलवून सांगायचो. पण तळवा शाबूत आहे. ते म्हणाले, "इसके पेट में सीसा है."

मग मी रंग उतरवू दिला. खाली विताएवढा करड्या धातूचा डाग. पुट्टी यायच्या आधी खोलगट जागा शिसं आणि कथील वितळवून भरत आणि कानशीनं घासत. म्हणजे हे मडगार्ड कधीतरी जोरात आपटलं होतं, मागे दाबलं गेलं होतं, आणि कुणा निष्णात माणसानं ते झाकलं होतं. आम्ही अपघाताची नक्कल अकरा दिवस खपून केली होती.

संध्याकाळी आईला विचारलं. ती पोळीचं पीठ मळत होती. म्हणाली, "ती मी आपटली."

१९५८ ची गोष्ट. आजोबा पंढरपूरला गेलेले. नाना तिला पहाटे गाडी शिकवत होते, आठ दिवस झाले होते, तिला बऱ्यापैकी येऊ लागली होती. नवव्या दिवशी परत येताना फाटकाचा खांब. मामंजींना कळलं असतं तर सुनेनं मोटार चालवली म्हणून घरात काय झालं असतं, ते तिला आणि नानांना दोघांनाही ठाऊक होतं. नानांनी महूच्या एका कारागिराकडून चार दिवसांत ते करून घेतलं, आणि आजोबा येण्याआधी रंगही वाळला. "मग शिकवणं?" मी विचारलं. "मग कसलं शिकवणं," ती म्हणाली. पुढे आजोबा गेले, तरी तो विषय दोघांनीही काढला नाही.

नानांचं ते वाक्य मला तेव्हा पुन्हा आठवलं. "माझ्या हातून."

देवासच्या एका गृहस्थांकडे तशीच मॉरिस आहे. त्यांनी मोठ्या मनानं तिच्या मडगार्डवरून कागद काढू दिला. नव्या मडगार्डचा पुढचा तिसरा भाग चाचांनी कापून पुन्हा घडवला आणि गॅसनं जोडला. विजेच्या वेल्डिंगपेक्षा गॅसचा सांधा मऊ राहतो, त्यावर नंतर हातोडी चालते. आज हात लावून सांधा सापडत नाही. डाव्याचं काय करायचं, असं त्यांनी मला विचारलं. शिसं काढून पत्रा सरळ करता आला असता. मी आईकडे विचारणा केली. ती म्हणाली, राहू दे, चार दिवसांत केलेलं काम आहे, बघ अजून टिकलंय. तेव्हा आमच्या गाडीचं डावं मडगार्ड उजव्यापेक्षा अर्धा इंच मागे आहे. कुणी दाखवल्याशिवाय दिसत नाही, आता तुम्ही सगळे वाकून बघणार.

चाचांकडे हे काम शिकायला कुणी नाही. त्यांच्या मुलाचं दुकान आहे, पण तिथे नवीन गाड्यांचे तयार भाग येतात. जुना काढायचा, नवा लावायचा. त्याला दोष देता येत नाही, त्याला संध्याकाळी पैसे घरी न्यायचे असतात. मी रविवारी जातो. दोन वर्षांत मला एक वाटी जमली आहे, ती टेबलावर ठेवली की डुगडुगते. चाचा म्हणतात, कळ्या जिरल्या नाहीत, दबल्या आहेत.

ती वाटी, दोन डॉल्या आणि तीन हातोड्या मी इथे टेबलावर मांडल्या आहेत. शेजारी चाचांनी केलेला मडगार्डचा एक तुकडाही आहे, रंग न दिलेला. आरतीला अजून वीस मिनिटं आहेत. ज्यांना हात लावून बघायचं असेल त्यांनी या, फक्त हातोड्यांच्या तोंडांना बोटं लावू नका. त्यांना पॉलिश आहे, आणि तिथे गंजाचा एक ठिपका पडला तरी तो पुढच्या प्रत्येक पत्र्यावर उमटतो. गाडी बाहेर उभी आहे. किल्ली आईकडे आहे.