मंडळातून उभा राहिलेला धंदा



गिरणगावातला एकटा कामगार पाळीला जायचा तो खाणावळवालीच्या भाकरीवर. तिच्या डोक्यावर मात्र वाण्याची उधारी नि सावकाराचं व्याज. बँका १९६९ ला सरकारी झाल्या, पण तारण नसलेल्या बाईला दारात उभं कोण करणार? १९७५ साली प्रेमाताई पुरव यांनी ह्याच बायकांचं अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं. गटानं एकमेकींना जामीन राहायचं, म्हणजे बँक कर्ज देते; हिशोब एवढा साधा! १९८२ च्या संपात जेवणारेच गावी गेले, तरी मंडळ टिकलं, पुढे मोठ्या ऑर्डरी घेऊ लागलं.

आपल्या भोईवाड्यातल्या भगिनी आजही दुसऱ्याच्या धंद्यासाठी पोळ्या लाटतात. रविवारच्या वंदनेनंतर दहाजणींनी नावं द्यावीत. वही आम्ही लिहू, सही त्यांचीच राहील.