टिपाड घेताना आधी मागचा माल विचारा

(जिल्हा बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



आजच्या बैठकीत कापसाच्या भावावर बोलणं झालं, ज्वारीवर झालं, पीक विम्यावरही झालं. मला दिलेला विषय ऐकून मागे बसलेली काही मंडळी हसली. विषय आहे जुन्या टिपाडांचा. पण मी विचारतो, या मंडपात असं एक तरी घर आहे का, ज्याच्या दारात निळं टिपाड उभं नाही? बालाघाटाच्या डोंगरावरची गावं घ्या. पाटोदा, शिरूर कासार, धारूर, वडवणी, आष्टी, कुठंही जा. टँकर आला की हंडा-कळशी पुरत नाही, टिपाड लागतं. दिवाळीच्या तोंडाला कोयता घेऊन घर निघालं की ट्रॅक्टरवर आधी टिपाड चढतं, मग लेकरं. आणि हे टिपाड आपण नवं घेत नाही. नव्याची किंमत परवडत नाही म्हणून भंगारवाल्याकडून जुनं घेतो. त्यात लाजण्यासारखं काही नाही. फक्त जुनं घेताना बैलाचे दात मोजणारा शेतकरी टिपाडाच्या बाबतीत एकही प्रश्न विचारत नाही, ही माझी तक्रार आहे.

पहिली चूक माझीच सांगतो. २०१३ च्या उन्हाळ्यात, दुष्काळात, मी घरासाठी दोन निळी टिपाडं आणली. चिठ्ठी खरवडून काढलेली होती. आई म्हणाली, "वास येतोय रे." मी कृषी पदवीधर. मी म्हणालो, पाच वेळा साबणानं धुतलंय, आता काही राहिलं नाही. तिसऱ्या दिवशी त्यातलं पाणी बैलापुढं ठेवलं. बैलानं तोंड लावलं आणि मान फिरवली. मग मी स्वतः घोटभर चाखून पाहिलं आणि थुंकलं. पदवी माझ्याकडे होती, अक्कल बैलाकडे होती.

मग मी चुकलो कुठं? मला वाटलं, प्लास्टिक म्हणजे काच. वरची घाण धुतली की झालं. तसं नाही. निळं टिपाड ज्या प्लास्टिकचं असतं ते रॉकेल, झायलीन यांसारखे तेलकट द्राव आत शोषून घेतं. आपली कितीतरी फवारणीची औषधं अशाच द्रावात विरघळवलेली असतात. ती भिंतीत मुरतात आणि पुढे महिनोनमहिने, उन्हात टिपाड तापलं की, थोडी थोडी पाण्यात उतरतात. धुण्यानं पृष्ठभाग साफ होतो, भिंत साफ होत नाही. आणि पाणी उकळून घेऊ म्हणाल, तर उकळल्यानं जंतू मरतात, औषध मरत नाही. तुरटीनं गढूळपणा बसतो, औषध बसत नाही. फडक्यानं गाळलं तर काडी-कचरा निघतो, औषध निघत नाही.

याची किंमत काय असते ते देशानं पाहिलेलं आहे. १६ जुलै २०१३ ला बिहारच्या सारण जिल्ह्यात गंडामन गावच्या शाळेत मुलांनी दुपारचं जेवण घेतलं आणि २३ लेकरं मेली. स्वयंपाकाच्या तेलात मोनोक्रोटोफॉस सापडलं. हेच औषध आपण वर्षानुवर्षे कापसावर मारलं. तेल औषधाच्या जुन्या डब्यात ठेवलं होतं, असं त्या वेळी पुढे आलं. एक डबा! २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर दगावले. अंगावर उडालेलं औषध माणूस मारतं, मग प्यायच्या पाण्यातलं काय करील?

हा प्रश्न फक्त गरिबाघरचा आहे असंही समजू नका. कॅनडाच्या क्युबेक प्रांतातले शेतकरी थंडी ओसरताना मेपलच्या झाडाला भोक पाडून रस गोळा करतात आणि आटवून पाक करतात. साधारण ४० लिटर रसाचा १ लिटर पाक होतो. तेही रसासाठी जुन्या टाक्या घेतात, पण दूधवाल्यांच्या, स्टीलच्या, ज्यात आधी खाण्याचाच माल होता अशा. कारण साधं आहे. रस आटतो तेव्हा पाणी उडून जातं आणि टाकीतून जे आलं ते पाकात उरतं. शिशाचा डाग दिलेल्या जुन्या बादल्यांमुळे पाकात शिसं येतं हे कळल्यावर त्यांना त्या बादल्या सोडाव्या लागल्या. आपल्या गुऱ्हाळाची गोष्ट वेगळी आहे का? उसाचा रस कशात धरला ते गुळात उतरणारच.

तर आता टिपाड निवडायचं कसं?

पहिला नियम: मागचा माल माहीत नाही, तर ते टिपाड प्यायच्या पाण्याला नाही. भंगारवाल्याला विचारा, "यात काय होतं?" तो "काही नव्हतं, साबण होता" म्हणेल. तेवढ्यावर जाऊ नका. चिठ्ठी दाखव म्हणा. चिठ्ठी खरवडलेली असेल तर का खरवडली? खाद्यतेल, आंब्याचा गर, लोणचं, ग्लुकोज असा खाण्याचा माल असलेलं, मूळ चिठ्ठीसकट मिळालेलं टिपाड चांगलं. बेकरीवाले, लोणच्याचे कारखानदार, खानावळवाले यांच्याकडून थेट घेतलं तर मालाची खात्री जास्त.

दुसरा नियम: औषधाच्या डब्यावर चौकट असते, तिच्या खालच्या त्रिकोणाचा रंग पाहा. लाल सर्वांत जहरी, मग पिवळा, मग निळा, मग हिरवा. हिरवा म्हणजे कमी विषारी, अमृत नव्हे. चारांपैकी कोणताही रंग दिसला तर ते भांडं माणसाला नाही, जनावराला नाही, ज्वारी भरायलाही नाही. १९७१ च्या कीटकनाशक नियमांत तर रिकामे डबे फोडून वस्तीपासून दूर पुरावेत असं म्हटलेलं आहे.

तिसरा नियम: डांबराचं, ऑईलचं, रंगाचं, ॲसिडचं टिपाड प्यायच्या पाण्याला घ्यायचं नाही. बांधकामाला वापरा. आणि रॉकेल, डिझेल, थिनर ज्यात होतं ते टिपाड गॅस कटरनं किंवा ग्राइंडरनं कापायला जाऊ नका. रिकामं दिसतं, पण आत वाफ असते. ठिणगी पडली की स्फोट होतो.

चौथा नियम: तोंड पाहा. वर दोनच बुचं असलेल्या टिपाडात हात जात नाही, मग घासणार कसं? पूर्ण झाकण निघणारं, पट्टीनं आवळणारं घ्या. जुनी काळी टाकी घेत असाल तर भिंतीवरून हात फिरवा. पांढरी भुकटी हाताला लागली, दाबल्यावर करकर वाजली, तर ऊन खाऊन प्लास्टिक ठिसूळ झालंय. हजार लिटर पाणी म्हणजे एक टन वजन. ती फुटणारच. जाळीच्या पिंजऱ्यातली पांढरी चौकोनी टाकी मिळाली तर तिलाही मागच्या मालाचा तोच नियम लावा. शिवाय तिच्यातून उजेड जातो म्हणून शेवाळ धरतं. बाहेरून काळा रंग द्या किंवा पोतं गुंडाळा.

पाचवी गोष्ट, वासाची परीक्षा. घागरभर पाणी टाकून, झाकण लावून, दिवसभर उन्हात ठेवा. संध्याकाळी उघडून वास घ्या. वास आला तर परत करा. पण लक्षात ठेवा, वास आला नाही म्हणजे टिपाड शुद्ध ठरलं असं नाही. ही परीक्षा नापास करण्यासाठी आहे, पास करण्यासाठी नाही.

आता धुणं. तुम्ही म्हणाल, प्यायला पाणी नाही आणि हा धुवायला सांगतो. म्हणून हिशोब ऐका. टिपाडाच्या तळाशी, कडांना १०० मिलि माल चिकटलेला आहे असं धरा. १५ लिटर पाणी एकदाच घालून ओतलं तर माल साधारण दीडशेपट पातळ होतो. तेच १५ लिटर पाच-पाच लिटर करून तीनदा घातलं, दर वेळी पूर्ण निथळू दिलं, तर पन्नास गुणिले पन्नास गुणिले पन्नास, म्हणजे सव्वा लाख पट. पाणी तेवढंच, फरक केवढा!

तीनदा खळबळून झालं की १० लिटर गरम पाण्यात, हाताला सोसेल इतक्या, १०० ग्रॅम धुण्याचा सोडा टाका आणि काथ्यानं किंवा ब्रशनं आतून घासा. बुचाच्या आट्या आणि झाकणाचं रबर विसरू नका, घाण तिथंच राहते. ते ओतून एकदा खळबळा. मग १० लिटर पाण्यात चहाचे दोन चमचे टीसीएल पावडर कालवा, झाकण लावून टिपाड आडवं करा आणि अर्धा तास मधून मधून लोळवा, म्हणजे सगळी भिंत भिजेल. शेवटी चांगल्या पाण्यानं धुऊन उन्हात पालथं घाला. सगळं मिळून चार-पाच घागरी पाणी. हे धुणं जनावराच्या वाटेवर ओतू नका. टीसीएलमध्ये संडास धुण्याचं ॲसिड कधीही मिसळू नका, त्यातून क्लोरीनचा विषारी वायू निघतो. आणि लोखंडी टिपाडाला टीसीएल लावलं तर ते गंजतं.

रोजच्या पाण्याचंही सांगतो. एक चमचा टीसीएल एक लिटर पाण्यात कालवा, गाळ बसू द्या, वरचं निवळ पाणी पेलाभर, २०० मिलि, २०० लिटरच्या टिपाडात घाला आणि अर्ध्या तासानं प्या. उघडी राहिलेली पावडर निकामी होते, डबा घट्ट ठेवा. ग्रामपंचायतीच्या जलसुरक्षकाकडून ओटी परीक्षा करून घ्या. पाण्याला पिवळी झाक आली तर क्लोरीन आहे. आठवड्यातून एकदा टिपाड रिकामं करून आतून घासा. नुसतं वाळवून भागत नाही. डेंग्यूच्या डासाची अंडी कडेला चिकटतात आणि कोरडी असली तरी महिनोनमहिने जगतात.

आणि टिपाडांची जात पाडा. माणसांची जात पाडू नका, पण टिपाडांची पाडाच! प्यायच्या टिपाडावर पांढरा पट्टा, फवारणीच्या टिपाडावर लाल पट्टा आणि फुली. लाल पट्ट्याचं टिपाड घरात यायचं नाही. फडावरही नाही. तिथं तर जास्त जपा, कारण कोपीवर लेकरं एकटी असतात.

ही खरेदी मे महिन्यात करू नका. तेव्हा गरज गळ्याशी आलेली असते आणि मिळेल ते घ्यावं लागतं. पोळा ते दसरा या दिवसांत घ्या. ओढ्याला पाणी असतं, धुवायला सवड मिळते आणि फडाला निघण्याआधी टिपाड तयार होतं.

शेवटचं. कंपनी औषधाचे पैसे घेते, डब्याचेही आपल्याकडूनच घेते आणि रिकामा डबा आपल्या बांधावर राहतो. तो भंगारात जातो आणि फिरून कुणाच्या तरी ओसरीवर येतो. २०१६ च्या प्लास्टिक कचरा नियमांनी वेष्टन गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकावर टाकलेली आहे. मग दुकानदारानं रिकामे डबे परत का घेऊ नयेत? दुधाची कॅन परत जाते, सोड्याची बाटली परत जाते, विषाचाच डबा आपल्याकडे का? ही मागणी आपण तालुक्या-तालुक्यात लेखी द्यायची आहे. ती मान्य होईपर्यंत एक काम आपल्या हातात आहे. औषधाचा डबा रिकामा झाला की तीनदा खळबळून ते पाणी फवारणीच्या पंपातच ओता आणि डब्याला तिथंच, शेतात, भोक पाडा. भोक पडलेल्या डब्यात कुणी तेल भरणार नाही, कुणी पाणी भरणार नाही.

आज घरी गेल्यावर भावाच्या चर्चेआधी दारातल्या टिपाडाचं झाकण उघडा, वास घ्या आणि घरच्या बाईला विचारा. पाणी तीच भरते. तिला बहुतेक आधीच माहीत असेल.