रात्रपाळीचा नवा डॉक्टर आणि समाज



तातडीच्या उपचारांत पहिली घटका सर्वांत मोलाची. आणि नेमक्या त्याच घटकेला रुग्णापुढे बहुधा सर्वांत तरुण डॉक्टर उभा असतो. साडेचार वर्षांचे शिक्षण व एक वर्षाची आंतरवासिता संपवून, बंधपत्रित शासकीय सेवेसाठी तो ग्रामीण भागात येतो. ज्ञान ताजे, अनुभव कोवळा. आणि मध्यरात्री शेजारी ज्येष्ठ डॉक्टर असेलच असे नाही.

मराठवाड्याच्याच एका सुपुत्राचे उदाहरण येथे उद्बोधक ठरेल. देहेडसारख्या खेड्यात जन्मलेले डॉ. हिंमतराव बावस्कर १९७६ मध्ये महाडजवळील बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. कोकणातील लाल विंचवाच्या दंशाने मुले डोळ्यांदेखत दगावत. हाती खात्रीचा उपचार नव्हता. या तरुण डॉक्टरने रुग्णांच्या उशाशी बसून नाडी, रक्तदाब, श्वास यांच्या नोंदी ठेवल्या. विष हृदयावर घाला घालते, हे त्यांनी ओळखले. पुढे रक्तदाबावरील प्राझोसिन ही साधी गोळी त्यांनी वापरली. १९८६ मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात ते निष्कर्ष प्रसिद्ध झाले. गंभीर रुग्णांतील सुमारे ४० टक्के मृत्युप्रमाण एक टक्क्याच्या आसपास आले. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्रीने गौरविण्यात आले.

या कथेला दुसरी बाजूही आहे. उपाय सापडेपर्यंत रुग्ण दगावतच होते. प्रत्येक नवोदिताने एकट्यानेच शिकावे, ही अपेक्षा रुग्णाला परवडणारी नाही. निष्ठा अनुभवाची उणीव काही अंशी भरून काढते. उरलेली उणीव ज्येष्ठांच्या आधारानेच भरते. तातडीच्या वैद्यकशास्त्राला स्वतंत्र पदव्युत्तर विषय म्हणून भारतात मान्यता मिळाली तीही २००९ मध्ये.

केज तालुक्यात सर्पदंश, कीटकनाशकाची विषबाधा व रस्त्यावरील अपघात नित्याचे आहेत. अशा वेळी नातेवाइकांनी मांत्रिकाकडे वेळ दवडू नये. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. दंशाची वेळ खरी सांगावी, विषाची बाटली सोबत आणावी. डॉक्टरभोवती जमाव करू नये. त्याने अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालयात पाठविले, तर ती टाळाटाळ समजू नये; आपली मर्यादा वेळेवर ओळखणे हेही वैद्यकीय शहाणपणच आहे. डॉक्टरवरील हल्ल्याविरुद्ध राज्यात २०१० पासून कायदा आहे. पण भयभीत हातांकडून अचूक उपचार होत नाहीत, हे कायद्याआधी विवेकाने जाणावे.

गावातील अनुभवी डॉक्टरांनी आळीपाळीने रात्री दूरध्वनीवर सल्ल्यासाठी उपलब्ध राहावे, तरुणांनी रक्तदात्यांची यादी रुग्णालयात द्यावी. यास फार द्रव्य लागत नाही. मात्र मध्यरात्री एकट्या पडलेल्या त्या तरुणाला ‘विचारावे कोणाला?’ हा प्रश्न उरणार नाही, आणि त्याचे उत्तर कुणाच्या तरी लेकराचे प्राण वाचवील.