नवल खरे की खोटे? डिचोली आणि पेडणे तालुक्यांतील तीन उदाहरणे



सामान्यज्ञानाच्या स्पर्धा, शाळेच्या फळ्यावरील ‘आजची माहिती’, जत्रेच्या स्मरणिका आणि आता घरोघरी पोहोचलेले भ्रमणध्वनी यांमधून नवलाची माहिती सतत कानांवर येत असते. अशी माहिती चटकन लक्षात राहते आणि म्हणूनच ती उत्साहाने पुढे सांगितली जाते. परंतु एखाद्या गोष्टीचे नवल वाटले, एवढ्यावरून ती खरी ठरत नाही, तशी खोटीही ठरत नाही. हे समजावून घेण्यासाठी दूरची उदाहरणे शोधण्याची आवश्यकता नाही. गोव्याच्या उत्तर भागातील डिचोली आणि पेडणे या तालुक्यांविषयीची तीन विधाने त्यासाठी पुरेशी आहेत.

पहिले विधान असे : इ. स. १६४० च्या मध्यापासून १६४१ च्या आरंभापर्यंत डिचोलीच्या प्रदेशावरून पोर्तुगीज आणि मराठा साम्राज्य यांच्यात युद्ध झाले व ते तहाने संपले. ‘विकिपीडिया’ या संगणकीय ज्ञानकोशाच्या इंग्रजी आवृत्तीत जुलै २००७ मध्ये या युद्धावर एक सविस्तर लेख लिहिला गेला. तो सुमारे ४,५०० शब्दांचा होता आणि त्यास ग्रंथांचे आधारही जोडलेले होते. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये त्यास ‘उत्तम लेख’ अशी श्रेणी मिळाली आणि पुढे पाच वर्षांहून अधिक काळ तो तसाच राहिला. २०१२ च्या अखेरीस एका चिकित्सक वाचकाने त्यातील आधार तपासावयास घेतले, तेव्हा ज्या ग्रंथांवर लेख उभा होता ते ग्रंथच अस्तित्वात नसल्याचे आढळून आले. असे युद्ध कधी झालेच नव्हते. तो लेख काढून टाकण्यात आला.

हा खोटेपणा ओळखण्यासाठी मोठ्या ग्रंथालयाची गरज नव्हती. शिवाजी महाराजांचा जन्म १६३० सालचा. १६४० मध्ये त्यांचे वय अवघे दहा वर्षांचे होते. त्या वेळी मराठा साम्राज्य अस्तित्वात आलेले नव्हते आणि डिचोलीचा मुलूख विजापूरच्या आदिलशाहीकडे होता. गोव्याच्या पोर्तुगीजांना त्या वर्षांत खरी चिंता होती ती समुद्रमार्गाने नाकेबंदी करणाऱ्या डच जहाजांची. चौथीच्या वर्गात शिवचरित्र शिकविणाऱ्या शिक्षकाने ही सनावळी शेजारी शेजारी मांडली असती, तर शंका तत्काळ उपस्थित झाली असती. मात्र तो लेख वाचणाऱ्या बहुतेकांना डिचोली हे केवळ एका दूरच्या गावाचे नाव असावे. ज्या गावचा इतिहास त्या गावचे लोक लिहीत नाहीत, त्याविषयी कोणीही काहीही लिहू शकतो, हा या प्रकरणाचा धडा होय.

डिचोलीचा आणि मराठ्यांचा खरा संबंध पाहावयाचा असेल, तर नार्वे येथे जावे. पोर्तुगीजांनी दिवाडी बेटावरील श्रीसप्तकोटेश्वराचे देवालय उद्ध्वस्त केल्यानंतर हे दैवत नदीपलीकडे डिचोली तालुक्यात आणण्यात आले. शिवाजी महाराजांनी तेथील देवालयाच्या जीर्णोद्धाराचे काम सुरू केले. तसा शिलालेख देवालयाच्या दारावर असून त्यात शके १५९०, म्हणजे इ. स. १६६८, असा काळ नोंदलेला आहे. कल्पित युद्धाचे आधारग्रंथ कोणासही सापडले नाहीत. हा शिलालेख कोणासही जाऊन पाहता येतो.

दुसरे विधान पुष्कळ भाषणांतून ऐकू येते : गोव्यावर पोर्तुगीजांनी साडेचारशे वर्षे राज्य केले. हे असत्य नाही, परंतु अपुरे आहे. तिसवाडी बेट पोर्तुगीजांनी १५१० मध्ये घेतले आणि १९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला. तिसवाडीपुरता हा काळ ४५१ वर्षांचा भरतो. बारदेश आणि साष्टी हे प्रांत त्यांच्याकडे १५४३ मध्ये गेले. डिचोली मात्र १७८१ मध्ये आणि पेडणे १७८८ मध्ये कायमचे त्यांच्या अमलाखाली आले. पेडण्याच्या बाबतीत तर लढाईपेक्षा राजकारणच कारण ठरले. कोल्हापूरकरांशी झगडणाऱ्या सावंतवाडीच्या खेम सावंतांना पोर्तुगीजांचे साहाय्य हवे होते व त्याच्या मोबदल्यात हा महाल देण्यात आला. या हिशेबाने डिचोलीत पोर्तुगीज राजवट सुमारे १८० वर्षे आणि पेडण्यात सुमारे १७३ वर्षे चालली.

हा फरक केवळ आकड्यांचा नाही. ‘जुन्या काबिजादी’ आणि ‘नव्या काबिजादी’ असे जे दोन भाग गोव्याच्या इतिहासात सांगितले जातात, त्यांच्यातील देवालये, रीतिरिवाज आणि भाषाव्यवहार यांचे वेगळेपण बऱ्याच अंशी या सनावळीवरून उलगडते. पेडण्यातील विद्यार्थ्याने ‘आमच्यावर साडेचारशे वर्षे परकी राज्य होते’ असे लिहिले, तर १७८८ पूर्वीच्या तीन शतकांचा आपल्याच गावचा इतिहास तो नकळत पुसून टाकतो.

तिसरे विधान ऐकताच कोणासही थट्टा वाटेल : पेडणे तालुक्यातील एका गावाच्या नावावरून पोर्तुगालमधील एका सरदार घराण्याचा किताब पडला. हे मात्र संपूर्ण सत्य आहे. शापोरा नदीच्या काठी हळर्ण येथे किल्ला आहे. तो सावंतवाडीच्या भोसल्यांकडे असताना मार्किस ऑफ कास्तेलो नोव्हो हा किताब धारण करणाऱ्या व्हाइसरॉयने ५ मे १७४६ रोजी हल्ला करून तो जिंकला. या विजयाच्या स्मरणार्थ १७४८ मध्ये त्याचा किताब बदलून ‘मार्किस ऑफ आलोर्ना’ असा करण्यात आला. आलोर्ना हा हळर्ण या नावाचाच पोर्तुगीज उच्चार होय. याच व्हाइसरॉयची नात लिओनोर द आल्मेदा (१७५०–१८३९) ही पोर्तुगीज साहित्यातील नामवंत कवयित्री असून ती ‘आलोर्नाची मार्किझा’ म्हणूनच ओळखली जाते. पेडण्यातील एका खेड्याचे नाव अशा रीतीने पोर्तुगालच्या साहित्येतिहासात जाऊन बसले आहे.

या तिन्ही विधानांपैकी सर्वांत खरे वाटणारे खोटे निघाले, सर्वांच्या तोंडी असलेले अर्धे निघाले आणि सर्वांत अशक्य वाटणारे खरे ठरले. म्हणून कोणतीही माहिती फळ्यावर, फलकावर अथवा स्मरणिकेत लिहिण्यापूर्वी तीन प्रश्न विचारावेत. सांगितलेल्या वर्षी त्या ठिकाणी राज्य कोणाचे होते? माहितीचा मूळ आधार प्रत्यक्ष पाहता येतो काय? आणि जे दहाजण ती सांगतात, त्यांनी ती स्वतंत्रपणे पडताळली आहे, की एकाचेच ऐकून नऊजण सांगत आहेत? ग्रामपंचायतीने अथवा कार्यालयाने लावलेल्या फलकाच्या बाबतीत ही दक्षता विशेष आवश्यक आहे. कारण सरकारी फलकावरील मजकूर लोक पुढे पुरावा म्हणून दाखवितात.

पडताळणीची साधने गोव्यात उपलब्ध आहेत. पणजी येथील पुराभिलेख खात्यात जुन्या पोर्तुगीज दप्तरांबरोबर मोडी लिपीतील मराठी कागदपत्रेही जतन केलेली आहेत. गावोगावी देवालयांतील शिलालेख आहेत, वृद्धांच्या स्मरणातील हकिकती आहेत. शिक्षकांनी वरच्या वर्गातील मुलांकडून गावाविषयीच्या नवलाच्या गोष्टींची एक वही तयार करून घ्यावी. एका बाजूस ऐकलेली गोष्ट आणि दुसऱ्या बाजूस तिचा आधार लिहावा. आधार सापडला नाही, तर ती जागा कोरी ठेवावी. तेरेखोल नदीच्या पलीकडे असूनही तेरेखोल हे गाव गोव्यात कसे, या प्रश्नापासून पेडण्यातील शाळांना चांगला आरंभ करता येईल. अशा वह्या तालुक्याच्या ग्रंथालयात जमा झाल्या, तर डिचोली किंवा पेडण्याविषयी उद्या कोणी नवे युद्ध रचले, तरी त्यास उत्तर देणारे लोक गावातच असतील.