हार्डनर वाढवलं म्हणजे लवकर सुकतं असं नाही, भाऊ!

आजचा विषय केमिस्ट्रीचा आहे, पण लगेच पुढच्या एपिसोडवर उडी मारू नका. घरात नवीन फर्निचर होत असेल, किंवा तुमचा कोणी मित्र पॉलिशच्या कामाला जात असेल, तर ही सात-आठ मिनिटं ऐकून घ्या. त्या मित्राच्या छातीशी याचा संबंध आहे, तो कसा ते सांगतोच.

मी नागपुरात कोटिंगच्या तक्रारी बघायचं काम करतो. म्हणजे रंग फुगला, पॉलिश चिकटलं, फिल्म तडकली, की फोन येतो आणि मी गाडी काढतो. डिसेंबर-जानेवारीत सगळ्यात जास्त ऐकू येणारं वाक्य हे : "थंडीत सुकूनच नाही राह्यलं जी, म्हणून हार्डनर थोडं वाढवून टाकलं."

मिस्त्री चाळीस दारं करून बसलेला असतो. दुसऱ्या दिवशीही दार हाताला चिकटतं. बिल्डर पैसे अडवून धरतो, आणि मिस्त्रीला खरंच कळत नाही की सुकवणारी वस्तू जास्त घातली तरी सुकलं का नाही. त्याची चूक म्हणून मी हे सांगत नाही. त्या डब्याचं नावच फसवं आहे.

पीयू पॉलिशचे दोन डबे असतात. बेसमध्ये पॉलिऑल, हार्डनरमध्ये आयसोसायनेट. दोघांची गाठ पडली की पॉलियुरेथेन तयार होतं. १९३७ साली जर्मनीत लेव्हरकुसेनला ओटो बायर आणि त्याच्या सहकाऱ्यांनी ही रिअ‍ॅक्शन शोधली. (बायर कंपनीच्या मालकांशी त्याचं नातं नव्हतं, नुसता आडनावाचा योगायोग.) थोडक्यात, हार्डनर हा लग्नातला अर्धा पक्ष आहे. एका मांडवात पन्नास मुली आणि सत्तर मुलगे आणून बसवले तर लग्नं लवकर लागतील का? लागायची ती पन्नासच लागतील, आणि वीस जण तसेच बसून राहतील. हे उरलेले आयसोसायनेटवाले मग हवेतल्या पाण्याची वाट बघतात. डिसेंबरातली आपली हवा गार आणि कोरडी, म्हणून फिल्म दिवसेंदिवस कच्ची राहते, आणि शेवटी कडक झाली की ठिसूळ होते.

लग्नं लवकर जुळवायची तर मध्यस्थ लागतो. तो दोन्हीकडच्यांना समोरासमोर बसवतो, बोलणी करून देतो, आणि स्वतः मोकळा होऊन पुढच्या घरी जातो. हाच कॅटॅलिस्ट, शाळेच्या पुस्तकातला उत्प्रेरक. बाजारात त्याला अ‍ॅक्सिलरेटर म्हणतात. पीयू कोटिंगमध्ये असा एक जुना आणि तेज मध्यस्थ म्हणजे डायब्युटिल टिन डायलॉरेट. नाव मोठं आहे, पण त्यातला टिन म्हणजे कथील, आजीच्या पितळी भांड्यांना कल्हई करायचे तेच. अर्थात कल्हईचं कथील वेगळ्या रूपात असतं, त्यामुळे भांडी घासून अ‍ॅक्सिलरेटर बनवायला जाऊ नका.

हा मध्यस्थ किती लागतो? एक किलो रेझिनला साधारण ०.२ ग्रॅम. म्हणजे चार-पाच थेंब. साइटवर एवढं कोण मोजणार? म्हणून तो सॉल्व्हंटमध्ये एक टक्क्याचा करून देतात, मग तेवढ्याच कामाला वीस ग्रॅम घ्यावं लागतं आणि साधा वजनकाटा पुरतो. "अंदाजाने बुचभर टाकून देतो" हे इथे अजिबात चालत नाही. बुचभर टाकलं तर गनमध्येच दगड होतो.

नागपूरला हा प्रश्न इतर शहरांपेक्षा जास्त का छळतो? आपलं तापमान बघा. मे २०१३ मध्ये इथे ४७.९ अंश नोंदले गेले, आणि डिसेंबर २०१८ मध्ये पारा ३.५ वर आला. (२०२४ च्या मे महिन्यातले ते व्हायरल ५६ अंश यात धरू नका, तो सेन्सरच बिघडलेला होता.) ढोबळ नियम असा की दर दहा अंशांना रिअ‍ॅक्शनचा वेग दुप्पट होतो. समजा डब्यावर लिहिलंय, २५ अंशांना पॉट लाइफ चार तास, म्हणजे मिसळल्यावर माल तेवढा वेळ वापरता येईल. मग ३५ ला दोन तास. ४५ ला एकच. आणि १५ अंशांच्या सकाळी तोच माल आठ तास ढिम्म हलत नाही. मेमध्ये जो डबा जेवणाच्या सुट्टीत बादलीतच गोठतो, तोच डिसेंबरात दाराला चिकट ठेवतो. डबा तोच, मिस्त्री तोच, बदलला फक्त ऋतू.

जुलैमध्ये तिसरीच भानगड. आयसोसायनेटला पाणीही आवडतं. पाण्याशी गाठ पडली की कार्बन डायऑक्साइड निघतो, आणि पॉलिशवर सुईच्या टोकाएवढे फुगे दिसतात. इथे मध्यस्थाची निवड कामाला येते. कथिलाचा मध्यस्थ पॉलिऑलकडे जास्त झुकतो. अमाइन जातीचे काही मध्यस्थ पाण्याचीही लग्नं धडाक्यात लावतात.

तुम्ही म्हणाल, मग अमाइन कशाला हवेत? अहो, गादीचा फोम त्यांच्यामुळेच फुगतो! फोममध्ये तो गॅस आपल्याला हवाच असतो. ढोकळा आठवा. सोड्याचा गॅस निघतो आणि त्याच वेळी वाफेवर पीठ घट्ट होत जातं. गॅस आधी निसटला तर ढोकळा बसतो. पीठ आधी घट्ट झालं तर फुगतच नाही. फोमवाल्यांचं सगळं कसब या दोन शर्यती बरोबरीत सोडवण्यात आहे. गॅसची शर्यत अमाइन पळवतो, घट्ट होण्याची कथील. फ्रिजच्या भिंतीत आणि संत्र्याच्या कोल्ड स्टोरेजला लागणाऱ्या पफ पॅनलमध्ये हाच प्रकार. संत्री सहा-सात अंशांत ठेवायची आणि बाहेर ४५ अंशांचं ऊन. पॅनलच्या आत फोम नीट भरला गेला नाही, पोकळ जागा राहिल्या, तर कॉम्प्रेसर रात्रंदिवस चालतो आणि विजेचं बिल शेतकऱ्याच्या भाड्यात चढतं.

उलटं टोक बघायचं तर इस्रोकडे जा. पीएसएलव्हीच्या पहिल्या टप्प्यात सुमारे १३९ टन घन इंधन असतं, आणि त्याचे कण धरून ठेवणारा जो रबरासारखा पदार्थ आहे, तोही पॉलियुरेथेनच. ते दाट मिश्रण साच्यात ओतून होईपर्यंत पातळ राहिलं पाहिजे. तिथे घाई करणारा मध्यस्थ नको, दमाचा हवा.

कोटिंगमध्येही अशी एक युक्ती आहे आणि मला ती फार आवडते. अ‍ॅसिटिलअ‍ॅसिटोन नावाचं द्रव कथिलाला धरून बसवतं. बादलीत असेपर्यंत मध्यस्थाचं तोंड बंद. फवारा मारला, पातळ थर पडला, की ते द्रव उडून जातं आणि मध्यस्थ कामाला लागतो. म्हणजे पॉट लाइफ लांब आणि दारावर सुकणंही झटपट. आपल्या अमरावती रोडवरच्या एलआयटीत, १९४२ पासून चालू असलेल्या या संस्थेत, पेंट टेक्नॉलॉजी शिकवतात. बारावीनंतर सगळेच कॉम्प्युटरकडे पळतात, पण असल्या गमतीत ज्याला रस आहे त्याने तिकडे एक चक्कर मारावी.

आता छातीचं. हार्डनर वाढवलं की फवाऱ्यातून उडणारं आयसोसायनेटही वाढतं. कामामुळे होणाऱ्या दम्याच्या मोठ्या कारणांमध्ये ते आहे. एकदा शरीराने ते मनावर घेतलं की नंतर अगदी थोड्या वासानेही धाप लागते, आणि मग माणसाला तो धंदाच सोडावा लागतो. आपल्याकडची पोरं नाकाला रुमाल बांधून बंद खोलीत गन चालवतात. रुमालाने लाकडाची धूळ अडेल, आयसोसायनेट नाही. कार्ट्रिजचा मास्क लागतो, आणि खिडकी उघडी लागते. पंखा लावला तर धूळ बसते म्हणून खिडक्या बंद करणारे मालक मी पाहिलेत. त्यांना घर नवीन हवं असतं, त्यात श्वास कोण घेतोय याच्याशी घेणं नसतं.

कथीलही काही संत नाही. युरोपात डायब्युटिल टिन डायलॉरेटला प्रजननाला घातक पदार्थांच्या वर्गात टाकलंय, म्हणून कंपन्या बिस्मथकडे वळल्या आहेत. बिस्मथ बराच सौम्य, पण ओलावा लागला की त्याचा जोर कमी होतो. आपल्या जुलैत ही अडचण येणारच.

मग मिस्त्रीने काय करायचं? हार्डनर डब्यावर लिहिलेल्या मापानेच घालायचं, बाराही महिने. थंडीत त्याच कंपनीचा अ‍ॅक्सिलरेटर मागायचा आणि काट्यावर मोजायचा, कारण काही बेसमध्ये तो आधीच घातलेला असतो. मेमध्ये डबे सावलीत, माल थोडा-थोडा मिसळायचा, सकाळी सहाला काम सुरू. हे मी एका पॉलिशवाल्या काकांना सांगितलं तर ते म्हणाले, "हाव जी, समजलं. पण हे त्या मालकाले बी सांगा ना, थो म्हणते संध्याकाळी गृहप्रवेश आहे."

तर मालकहो, गृहप्रवेशाची तारीख पॉलिशनंतर किमान आठवडाभराने काढा. आणि घरात काम चालू असेल तर डब्यावरच्या पॉट लाइफचा फोटो आणि त्या दिवशीचं तापमान मला पाठवा, पुढच्या भागात आपण तुमचेच डबे वाचू. भेटू!