रहस्यपट घरी येतो तेव्हा



कासारवाडीच्या एका अंगाने जुना पुणे-मुंबई महामार्ग जातो, दुसऱ्या अंगाने लोहमार्ग. २०२२च्या मार्चपासून मेट्रोही धावू लागली. पिंपरी, भोसरी, चाकण येथील कारखान्यांचे घड्याळ येथील घरांनाही लागू असते. दुसऱ्या पाळीचा माणूस घरी परततो, तेव्हा मुले झोपलेली असतात. संध्याकाळी कोणता चित्रपट लागला, कोणी लावला, लहानग्याने त्यातले काय पाहिले, हे त्याला कळतेच असे नाही. गुन्हेगारी आणि रहस्य या विषयांवरील चित्रपटांचे परीक्षण लिहिणाऱ्याने हे घर डोळ्यांपुढे ठेवले पाहिजे.

चित्रपटगृहाच्या दाराशी निदान एक माणूस उभा असतो. केवळ प्रौढांसाठी असलेल्या चित्रपटाला मुले आली तर त्यांना अडवणे हे त्याचे काम. (तो ते नेहमी करतो असे नाही, ही गोष्ट वेगळी.) घरात हा माणूस नाही. १९८३ साली प्रमाणपत्रांत ‘यूए’ हा मधला वर्ग आला आणि २०२३च्या कायदादुरुस्तीने त्याचे सात, तेरा व सोळा वर्षे असे तीन टप्पे झाले. इंटरनेटवरून थेट घरात येणाऱ्या मालिका व चित्रपटांना मात्र २०२१च्या नियमांनुसार वयोगट ठरवून देते ती दाखवणारी कंपनीच. दुकानदाराने आपल्याच मालावर चिकटवलेली ती चिठ्ठी. ती खोटी असते असे नव्हे. पण कोणत्या घरात काय चालेल, हे त्या चिठ्ठीला कसे कळावे? परीक्षकाचे काम तेथून सुरू होते.

या परिसरातील उदाहरण घेऊ. जानेवारी १९७६ ते मार्च १९७७ या काळात पुण्यात दहा खून झाले. ‘जोशी-अभ्यंकर खून खटला’ या नावाने ते प्रकरण आजही ओळखले जाते. दिवेलागणीनंतर पुणेकरांनी दारे लावून घेण्याचे ते दिवस. खुनी निघाले ते सराईत गुंड नव्हते, कलाशिक्षण घेणारे तरुण विद्यार्थी होते. २७ नोव्हेंबर १९८३ रोजी येरवड्यात चौघांना फाशी झाली. त्यानंतर तीनच वर्षांनी, १९८६ साली, राजदत्त यांचा ‘माफीचा साक्षीदार’ आला. त्यात नाना पाटेकर होते.

अशा चित्रपटाला ‘थरारक’ हे एकच विशेषण लावून मोकळे होणे हे परीक्षण नव्हे. ज्यांची माणसे गेली, ती घरे याच शहरातली. तेव्हा पाहायचे ते हे, की कॅमेरा क्रौर्यावर रेंगाळतो की त्या क्रौर्यापर्यंत नेणाऱ्या वाटेवर. दहा वर्षांच्या मुलापुढे हा चित्रपट लावू नये. महाविद्यालयात जाणाऱ्या मुलाबरोबर मात्र आईवडिलांनी बसून पाहावा, मध्ये थांबवून बोलावे. ती मुलेही कोणाच्या तरी घरातून रोज महाविद्यालयात जात होती.

‘दृश्यम’ची अडचण वेगळी. जीतू जोसेफ यांच्या २०१३च्या मल्याळम चित्रपटावरून निशिकांत कामत यांनी २०१५ साली तो हिंदीत आणला आणि गोव्यात घडवला. नायक चौथी नापास, केबलचा व्यावसायिक. त्याचे सारे शिक्षण चित्रपट पाहून झालेले. रक्तपात फारसा नाही, म्हणून अनेक घरांनी तो निर्धास्तपणे लावला. पण कथेची सुरुवात होते ती मुलीच्या चोरून केलेल्या चित्रीकरणापासून, आणि पोलीस चौकशीत लहान मुलीलाही मार बसतो. याहून गंभीर गोष्ट अशी, की एक अपराध लपवणाऱ्या कुटुंबाची बाजू प्रेक्षक नकळत घेऊ लागतो. हीच त्या चित्रपटाची ताकद आहे आणि मोठ्या मुलांशी चर्चा करण्याजोगा प्रश्नही तोच आहे. परीक्षकाने इतके सांगावे. पुरावा कुठे दडवला आहे, हे सांगू नये.

रहस्य न फोडता सावध करणे, ही या लेखनाची खरी कसोटी. घरात कुकरची शिट्टी होते, पाहुणे येतात, मध्येच वीज जाते. त्यातून टिकेल असा रहस्यपट घट्ट विणीचा असावा लागतो. यश चोप्रांचा ‘इत्तेफाक’ (१९६९) तसा आहे. एकही गाणे नाही, पावणेदोन तासांच्या आसपास खेळ आटोपतो. विषय मात्र थोरांचा.

आजीपासून नातवापर्यंत साऱ्यांनी एकत्र बसावे, असा चित्रपट हवा असेल, तर राजा परांजपे यांचा ‘पाठलाग’ (१९६४). जयंत देवकुळे यांच्या ‘आशा परत येते’ या कादंबरीवर तो बेतलेला. डॉ. काशिनाथ घाणेकर आणि भावना यांच्या भूमिका, सारा ताण माणसांच्या चेहऱ्यांवर आणि न्यायालयातल्या प्रश्नोत्तरांवर. त्यावरूनच राज खोसला यांनी १९६६ साली हिंदीत ‘मेरा साया’ केला, आणि घरातील वडीलधाऱ्यांनी बहुधा तो आधीच पाहिलेला असतो. त्यांनी शेवटच्या अर्ध्या तासात चहा करायला उठावे, पण तोंड उघडू नये.